चिखलातील ठेव

मांडवी-जुवारीच्या काठची खारफुटी तोडावी, तिची दलदल उकरून सुकवावी आणि भरपाई म्हणून माळावर रोपे लावावीत, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. खारफुटीची खरी संपत्ती मुळांखालच्या चिखलात असते. भरतीच्या पाण्याने सदैव भिजलेल्या त्या चिखलात प्राणवायू अत्यल्प. त्यामुळे गळलेली पाने आणि मेलेली मुळे अतिशय सावकाश कुजतात व झाडांनी हवेतून घेतलेला कर्ब शतकानुशतके तेथेच गाडलेला राहतो. उष्ण प्रदेशात ही ठेव तेवढ्याच क्षेत्रावरील डोंगरी अरण्याच्या तिप्पट-चौपट भरू शकते. चिखल उकरून सुकविला, की त्याला हवा लागते आणि शतकांची ती ठेव कर्बवायू होऊन उडू लागते. माळावरचे रोप तिची भरपाई कशी करणार?

खाजणांचे बांध घालणाऱ्या आमच्या पूर्वजांना बांधाबाहेरच्या खारफुटीचे मोल ठाऊक होते. लाटांचा मारा तीच सोसत होती. 1991 च्या किनारी नियमन अधिसूचनेपासून तिला कायद्याचे कवचही आहे. उणीव आहे ती राखणीची. कोयता चालल्यानंतर पंचनामे करण्यापेक्षा शासनाने आणि ग्रामसभांनी त्याआधीच काठावर उभे राहावे.