योगाश्रमास जावे, पण कोणत्या?

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांनी एक रंगीत पत्रक आमच्यापुढे ठेवून विचारिले, "मास्तर, येथे जावे काय?" पत्रकावर 'योगा रिट्रीट' अशी ठळक अक्षरे होती. 'योग' शब्दास शेवटी आकार कोणी व का जोडिला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. आणि 'रिट्रीट' म्हणजे सैन्याने माघार घेणे, असे आम्ही उभा जन्म मुलांस शिकविले. तथापि विचार करिता हा दुसरा शब्द अगदीच गैरलागू वाटत नाही. नित्याच्या धुमाळीतून आठ-दहा दिवस माघार घेण्यात खचित हित आहे.

मात्र ते हित आसनांच्या संख्येत नाही. आसने घरीही होतात. ठरल्या वेळी निजणे, भूक राखून जेवणे आणि कोणाची हाक न येता तासभर स्वस्थ बसणे, हे भरल्या घरात होत नाही. आश्रमात मोबाईल प्रथम जमा करावा लागला, तेव्हा आमचा जीव दोन दिवस कासावीस झाला. तिसऱ्या रात्री जी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

परंतु याच आश्रमात आमच्यावर एक प्रसंग गुदरला. आम्हांस काचबिंदूचा विकार असून डोळ्यांत रोज औषध घालावे लागते. तेथील तरुण शिक्षकाने काही न विचारता सर्वांबरोबर आमचेही पाय भिंतीस टेकवून शीर्षासन करविले. आम्हीही, वयास न शोभणाऱ्या हौसेने, चार दिवस ते केले. परत आल्यावर नेत्रवैद्यांनी आम्हांस शाळकरी पोराप्रमाणे खडसाविले. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजमापाने सिद्ध झालेले आहे. शिक्षकाचा दोष होता. पण विचारले नाही तरी सांगावे, एवढी अक्कल आम्हांस असावयास हवी होती.

स्थळाविषयी आमच्या पूर्वसूरींनी बारकाईने लिहून ठेविले आहे. घेरंडसंहितेच्या पाचव्या उपदेशात दूरदेश, अरण्य व राजधानी ही तिन्ही वर्ज्य सांगितली आहेत: परमुलखात विश्वास बसत नाही, अरण्यात रक्षण नाही आणि गर्दीत एकांत नाही. आरंभ वसंतात वा शरदात करावा, असेही तेथे आहे. हठयोगप्रदीपिकेत योगनाशक गोष्टींमध्ये अत्याहार व वटवट यांच्या जोडीस 'नियमाग्रह' गणिला आहे, आणि ज्योत्स्ना टीकेत ब्रह्मानंदांनी पहाटेचे थंड पाण्याचे स्नान व केवळ फलाहार ही त्याचीच उदाहरणे दिली आहेत! पहाटे चारला सर्वांस गार पाण्याने न्हाऊ घालून त्यास तपश्चर्या म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी ही टीका अवश्य वाचावी.

शास्त्र व प्रयोग यांची सांगड कशी घालावी, याचा कित्ता लोणावळ्यास घातला गेला. अमळनेरास अध्यापन केलेले संस्कृतज्ञ जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883-1966), यांनी 1924 साली तेथे कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौलीने पोटातील दाबात काय फरक पडतो, हे त्यांनी यंत्रे लावून मोजिले. मोजल्यावाचून बोलू नये, ही त्यांची वृत्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

म्हणून स्नेह्यांस आम्ही म्हटले, पत्रकावरील समुद्राचे चित्र बाजूस ठेवा व पत्र घालून विचारा: येण्यापूर्वी प्रकृतीची माहिती घेता काय? एका शिक्षकाकडे किती माणसे? शिक्षक स्वतः कोठे व किती वर्षे शिकला? मधुमेह अमुक दिवसांत समूळ घालवितो असे जेथे सांगतील, तेथे पैसे भरू नयेत. आणि वैद्यांनी दिलेले औषध बंद करण्यास सांगतील, तर तेथून त्याच दिवशी निघावे.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आली. घरातून अशा ठिकाणी गेलो ते आम्ही, पेन्शनर. ज्यास निवांतपणाची टंचाई नाही असा मनुष्य! खरी गरज होती ती आमच्या थोरल्या सूनबाईंस. गतवर्षी आश्विनात आम्ही विषय काढिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मामंजी, मी गेले तर मुलांचे डबे कोण करील?" आमच्या मंडळींनी तत्काळ उत्तर दिले, "मुलांचा बाप करील." चिरंजीवांच्या पोळ्यांचे आकार आठ दिवस भूगोलाच्या नकाशासारखे निघाले, आणि कोणी उपाशी राहिले नाही.

सूनबाईंनी परत येताना एकच नेम आणिला. पहाटे साडेपाच ते सहा माडीवरच्या खोलीचे दार बंद असते. पहिल्या आठवड्यात धाकट्या नातवाने दोनदा दार वाजविले. आता तो पायरीवर बसून राहतो, आणि चहाचे आधण आम्ही ठेवितो.