संगणकाची घरघर आणि आजीची झोंप
येवल्यांत पैठणीच्या हातमागाचा खटखटाट कानांस सवयीचा आहे. परंतु नातवाच्या खेळाच्या संगणकाची रात्रीची घरघर मात्र आजीची झोंप मोडते. दोष खेळाचा नव्हे, भागांच्या निवडीचा होय. पंख्याची गति निम्मी केली तर आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. म्हणून १४० मिलिमीटरचे मोठे, संथ पंखे घ्यावेत. प्रोसेसरवर भरदार हीटसिंक बसवावा. ग्राफिक्स कार्ड तीन पंख्यांचें व पॉवर सप्लाय गरजेच्या दीडपट क्षमतेचा असावा. कॅबिनेटच्या पुढें धुतां येणारी जाळी हवीच; धूळ सांचली कीं पंखे पुन्हां ओरडूं लागतात. खर्च थोडा वाढेल. परंतु एकत्र कुटुंबांत एकाच्या करमणुकीची किंमत दुसऱ्यानें झोंपेनें कां भरावी?