दाव्याची गाठ

मृगाचा पाऊस उंबरठ्याशी आला की गोमंतकातील प्रत्येक घर आपापल्या परीने सज्ज होते. कौले परतली जातात, सुकी लाकडे आत येतात, पुरुमेंताचे डबे आणि बरण्या भरून ठेवल्या जातात. चार महिने कोसळणाऱ्या पावसाशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या समाजाचे हे शहाणपण आहे. परंतु या साऱ्या सिद्धतेत घरातल्या काही जिवांची आठवण सहसा कोणास होत नाही. सोप्यावर साखळीने बांधलेला कुत्रा, चुलीपाशी निजणारे मांजर, गोठ्यातील गाय-वासरे, खुराड्यातील कोंबड्या यांचे पुराच्या वेळी काय करावयाचे, याचा विचार आपण पाणी दारात आल्यावरच करतो. आणि त्या वेळी विचारास सवड नसते.

पाणी आपल्या दारात येणार नाही, या भ्रमात राहण्याचे दिवस संपले आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे उन्मळली, विजेच्या तारा तुटल्या, अनेक गावे अंधारात बुडाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलैस, म्हादईने आणि राज्यातील इतर नद्यांनी पात्र सोडले. १९८२ नंतरचा हा सर्वांत भीषण पूर असल्याचे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. सुमारे हजार घरांची हानी झाली. तिळारीच्या काठी साळ, इब्रामपूर येथील रहिवाशांना तर धरणातून पाणी सुटल्याची वार्ता आली की झोप लागत नाही. अशा वेळी माणूस माळ्यावर चढतो, शेजाऱ्याचा आधार घेतो, हाक तरी मारतो. खांबाला बांधलेल्या जनावराला यांतले काहीच करता येत नाही. म्हैस उत्तम पोहते, कुत्राही पोहतो. मात्र गळ्यातले दावे आणि साखळी त्यांना पोहू देत नाही. पुरात पुष्कळ जनावरे पाण्यामुळे नव्हे, तर आपण मारलेल्या गाठीमुळे मरतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

माणसांचे प्राण वाचविताना दमछाक होते, तेथे जनावरांची चिंता कोणी वाहावी, असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न वरकरणी व्यवहारी वाटतो, पण अनुभव नेमका उलट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागातील कितीतरी शेतकऱ्यांनी गोठा सोडून नावेत पाय ठेवण्यास नकार दिला. २०१८ च्या केरळातील प्रलयात त्रिशूर येथील एका महिलेने आपल्या पंचवीस कुत्र्यांवाचून घर सोडणार नाही, असे बचाव पथकास बजावले. २००५ साली कॅटरिना वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर बुडविले, तेव्हा पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात थारा नाही म्हणून अनेकजण बुडत्या घरांतच राहिले. त्यावरून धडा घेऊन त्या देशाने २००६ साली कायदाच केला, की आपत्कालीन आराखड्यात घरच्या प्राण्यांचीही तरतूद असली पाहिजे. तात्पर्य, जनावर मागे राहिले की माणूसही मागे राहतो, किंवा अर्ध्या वाटेवरून परत फिरतो आणि त्याच्यासाठी दुसरी नाव पाठवावी लागते. मुक्या प्राण्याची सोय करणे हा माणसाच्या सुटकेचाच एक भाग आहे.

आमच्या परंपरेला हे नवे नाही. इंद्राच्या कोपातून गोकुळ वाचले, ते गोप तेवढे पर्वताखाली शिरले म्हणून नव्हे. गाई-वासरांसह सारा व्रज गोवर्धनाच्या छायेत आला म्हणून. दिवाळीच्या पाडव्यास आपण शेणाचा गोवर्धन मांडतो, गुरांना न्हाऊ घालतो, त्यांच्या गळ्यात पोळ्यांच्या माळा बांधतो. ज्या गळ्यात कार्तिकात माळ पडते, त्याच गळ्यातले दावे आषाढातल्या पुराच्या रात्री सोडावयास हात पुढे येऊ नये, ही विसंगती आपल्या धर्मबुद्धीला शोभणारी नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट गाठीची. पावसाळ्याच्या दिवसांत जनावर असे बांधावे, की एका ओढीसरशी, अंधारातही, गाठ सुटावी. साखळीला कुलूप असेल तर ते काढावे. दुसरी गोष्ट पुरुमेंताची. माणसांसाठी डबे भरतो त्याच हाताने एक डबा मुक्या सोबत्यांसाठीही भरावा. आठवडाभराचे सुके खाद्य, झाकणाचे पाणी, नेहमीचे औषध, लसीकरणाचा कागद आणि मालकासह काढलेले प्राण्याचे छायाचित्र, एवढे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दारापाशी टांगून ठेवावे. कुत्र्याच्या पट्ट्यावर पक्क्या शाईने दूरध्वनी क्रमांक लिहावा. तोही घरातल्या एकाचा नव्हे, तर दूरगावच्या एखाद्या नातलगाचाही, कारण वीज गेली की गावचे दूरध्वनी मुके होतात. गुरांच्या कानांत बारा अंकी बिल्ला असेल तर तो क्रमांक वहीत उतरून ठेवावा.

मांजर हा स्वतंत्र बाण्याचा जीव आहे. संकटकाळी ते माळ्यावर दडते आणि हाती लागत नाही. झाकणाच्या टोपलीत किंवा पिंजऱ्यात त्यास आतापासूनच अधूनमधून खाऊ घालावे, म्हणजे ऐन वेळी ती टोपली त्याला परकी वाटणार नाही. पतिपत्नी दोघेही पणजीस वा वास्कोस कामावर आणि कुत्रा कुलूपबंद घरात, अशी घरे आता गावोगावी आहेत. त्यांनी एक किल्ली शेजारी ठेवावी आणि कोणी कोणाचे जनावर सोडावयाचे हे आजच बोलून ठरवावे. आणि प्राण्यास सोबत नेणे खरोखरीच अशक्य झाले, तर निदान साखळी सोडून, गोठ्याचे व खुराड्याचे दार सताड उघडून निघावे. विनाकारण जनावर उपाशीतापाशी टाकून जाणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाच आहे.

परंतु सारा भार गृहस्थावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याचा आराखडा सक्तीचा केला आहे. त्या आराखड्यातून प्रत्येक पंचायतीस तीन साध्या गोष्टी कळावयास हव्यात: गुरे कोणत्या उंचवट्यावर न्यावयाची, निवाऱ्याच्या शाळेत प्राण्यांसाठी कोणती पडवी राखून ठेवायची, आणि पशुवैद्य व चारा कोठून यावयाचा. बांगलादेशात १९७० च्या प्रलयंकारी वादळानंतर सपाट किनाऱ्यावर मातीचे उंच किल्ले उभारले गेले, ते गुरांना आसरा मिळावा म्हणून. आम्हांला तर निसर्गाने गावाच्या माथ्यावर सडे आयतेच दिले आहेत. तेथवरची वाट मोकळी ठेवणे आणि वर एक पत्र्याची छपरी घालणे एवढेच आपल्या हाती उरते. हेही जर जमणार नसेल, तर दोष पावसाला कशास द्यावा?

यात माणसाचे आरोग्यही गुंतले आहे. पूर ओसरल्यावर उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात. कुजणारी कलेवरे आणखी संकट आणतात. कुत्र्यांच्या लसीकरणाच्या मोठ्या मोहिमेनंतर गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला. हा लौकिक टिकवावयाचा असेल, तर पुराने बेवारस केलेल्या भेदरलेल्या कुत्र्यांचे कळप गावात फिरू देऊन चालणार नाही. वेळेवर टोचलेली लस आणि मालकाच्या हाती असलेली दोरी या दोहोंनी गावाचेही रक्षण होते.

सोप्यावर पडून रात्रभर घराची राखण करणाऱ्याला आपण एक भाकरी देतो आणि त्याच्याकडून जन्मभराची निष्ठा घेतो. गाय आपल्या मुलाबाळांच्या वाटीत दूध घालते. या ऋणाची फेड पाडव्याच्या माळेने पुरी होत नाही. पावसाचे ढग समुद्रावर जमण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ यासाठी काढावी, आणि गोठ्यात जाऊन दाव्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडून पाहावी. ती सहज सुटली नाही, तर ती आजच बदलावी.