पन्हाळ्याचा दर्या

पन्हाळ्याच्या उतारावरची जुनी कविता कोडोलीच्या घरात बसून संकेतस्थळावर चढवली, आणि धाकट्याचा पुण्याहून फोन : ‘दादा, पन्हाळ्याला समुद्र कवा आला?’ माझ्या ‘दऱ्या’ पडद्यावर ‘दर्या’ झाल्या होत्या. मलाही तेच दिसत होतं म्हणा, पण आपलंच लिहिलेलं आपण नीट वाचतो कुठं! मराठीचा हा पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी येतो. एक, साधा र, हलन्त आणि पुढं शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा जोडक. दुसरी, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. माझी वाट पहिली. मजकूर साफ करणाऱ्या एका सोयीनं तो जोडक केर समजून झाडून टाकला, मग उरला तो रफार. सगळीकडे एका झटक्यात बदल करावा, तर ‘सूर्य’ही ‘सूऱ्य’ होऊन बसणार. म्हणून उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज ऐकत दोन रात्री एकेक कविता हातानं चाळली. ओळी एकमेकींना चिकटून कवितेचा निबंध होत होता, ते एका सूचनेत सुटलं. मूळ मजकुरातली नवी ओळ ब्राउझर नुसती मोकळी जागा समजतो, एवढंच. ‘ॲ’चं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं 2008 साली, त्यामुळं जुन्या कवितांत सगळीकडे ‘ऍ’. धाकटा म्हणतो, ‘समुद्र तेवढा राहू दे, बरा वाटतोय.’