शिफारस कुणाची, जबाबदारी कुणाची?

१/ बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. बियाण्याचा कस पेरल्यावाचून कळत नाही. शेतकरी लेबलवर विसंबतो. म्हणून १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांवर लेबल सक्तीचे केले. स्वतः विकणाऱ्यासह दुसऱ्याकरवी विकणाराही त्यात बांधला गेला.

२/ इंटरनेटवर एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारसच. गूगल तिच्यावरून क्रम लावते. म्हणून कमिशनवरचे प्रचारक खोट्या लिंका पेरू लागले. २०१२ च्या 'पेंग्विन' बदलाने अशी संकेतस्थळे मागे ढकलली. २०१९ मध्ये पैशाच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आली.

३/ तरीही कंपन्या प्रचारकांकडे बोट दाखवतात. बियाणे कायद्याने ही पळवाट तेव्हाच बुजवली होती. नफा ज्याचा, जबाबदारीही त्याचीच.