नदीला विचारायचे दोन प्रश्न



गेल्या सुट्टीत आम्ही आईला घेऊन आळंदीला गेलो होतो. आई पदर खोचून घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी, बुडी मारायच्या तयारीत. शेजारी आमचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याचा जन्म दोह्यातला, पोहायला शिकला तोही इथल्याच स्विमिंग पूलमध्ये. त्याने हात ओढून विचारले, "बाबा, तुम्ही केमिस्ट ना? मग सांगा, हे पाणी चांगलं आहे का?"

रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाला उत्तर देता आले नाही. शेवटी आईने तीन ओंजळी पाणी डोक्यावर घेतले आणि परतीच्या वाटेवर ती फारशी बोलली नाही. त्या दिवशीचे राहिलेले उत्तर आज लिहीत आहोत. शाळा सुटल्या की आपल्यापैकी बरीच घरे गावी जातील, कुणी आळंदी-देहूला, कुणी पंढरपूरला. कतारमध्ये वाहती नदीच नाही. अल हिलालमध्ये आपल्या नळाला येते ते समुद्राचे, मीठ काढलेले पाणी. आपल्या मुलांना नदी भेटते ती सुट्टीतच.

"चांगले आहे का" हा प्रश्न मुळात अपुरा आहे. कशासाठी चांगले, ते आधी ठरवावे लागते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे वर्ग पाडले आहेत. 'बी' वर्ग म्हणजे उघड्यावर आंघोळीला योग्य. त्यासाठी लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू ५०० च्या आत हवेत. 'डी' वर्ग म्हणजे मासे आणि इतर जलचर जगण्याला योग्य. तिथे प्राणवायू ४ मिलिग्रॅम चालतो, पण मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर गेलेला चालत नाही. कोलिफॉर्मची अट तिथे नाहीच. माशाला त्या जंतूंचे काही वाटत नाही, आपल्या मुलाच्या पोटाला वाटते. म्हणून मासे दिसले की पाणी आंघोळीला योग्य, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे.

दुसरा समज फेसाचा. इंद्रायणीवर पांढरा फेस आला की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि फेस ओसरला की सगळे विसरतात. फेस येतो तो मुख्यतः साबण आणि डिटर्जंटमुळे. वरच्या दोन्ही वर्गांच्या अटींत फेसाचा उल्लेख नाही. मैल्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि नितळ पाण्यातही ते भरपूर असू शकतात.

तिसरी गोष्ट नमुना घेण्याच्या वेळेची. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर ओढून घेते. त्यामुळे दुपारी बाटली भरली तर आकडा छान येतो. मासा गुदमरतो तो पहाटे, आणि पहाटे नमुना घ्यायला सहसा कुणी जात नाही.

चौथी गोष्ट निर्देशांकाची. प्राणवायू, जंतू, बीओडी आणि पीएच यांना वजने देऊन एकच आकडा काढतात. त्यात पीएचचा वाटा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. दख्खनच्या काळ्या पाषाणातून वाहणाऱ्या नद्यांचा पीएच एरवीही बहुधा ठीकच असतो. म्हणजे परीक्षेत एक पेपर सोपा ठेवायचा आणि टक्केवारी वाढवायची, तसे होते. आमचे मत स्पष्ट आहे. माणसासाठी एक आणि माशासाठी एक, अशी दोन वेगळी उत्तरे द्यावीत. एका आकड्यात दोघांनाही गुंडाळू नये.

आता हे येते कुठून ते पाहू. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेला, मुळा मुठेला आणि मुळा-मुठा पुढे भीमेला. तेच पाणी उजनीत जाते आणि पंढरपुरात त्याचे नाव चंद्रभागा होते. वरच्या शहरांनी जे सोडले, त्याच्या खाली वारकरी स्नान करतो. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५३. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच. मुळा-मुठेसाठी २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना मंजूर झाली, रोजच्या जवळजवळ ४० कोटी लिटरसाठी. ती ठरल्या वेळेत पूर्ण झाली नाही.

इथवर लिहून सरकारच्या नावाने बोटे मोडून थांबणे सोपे होते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा एक फ्लॅट मोशीला आहे, इंद्रायणीपासून फार लांब नाही. आळंदीहून परतल्यावर सोसायटीत सहज चौकशी केली. आवारात मैलाशुद्धीकरण यंत्रणा आहे, पण विजेचे बिल वाचावे म्हणून ती बहुतेक वेळ बंद असते. मेंटेनन्स कमी करण्याचा ठराव आला तेव्हा आम्हीही इथून, दोह्यातून, न वाचता होकार कळवला होता. आईला ज्या पाण्यात बुडी मारू दिली नाही, त्यात आमचाही वाटा होता.

कुणी म्हणेल, नदी माता आहे, ती बाटत नाही. ही श्रद्धा आम्ही मोडायला निघालेलो नाही. पण आईच्या अंगावर रोज सांडपाणी ओतायचे आणि वर पवित्र म्हणायचे, हे कुठल्या धर्मात बसते? पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२५ च्या उन्हाळ्यात ती लोकांसाठी खुली झाली. तिथे पाणी रोज तपासून झेंडा लावतात, हिरवा, पिवळा किंवा लाल. पाऊस जास्त झाला की सरळ बंद. आपल्या घाटांवर निदान तारखेसह कोलिफॉर्मचा आकडा मराठीत लिहिलेला फलक लागावा. घाटाला नवी फरशी बसवायला देणगी मागतात, तेव्हा ही अट आपण घालू शकतो.

तूर्त सुट्टीत एवढे करावे. लहान मुले आणि वृद्ध यांनी डोके बुडवू नये, पाणी तोंडात घेऊ नये, अंगावर जखम असेल तर उतरू नये. आणि ज्यांचे पुणे-पिंपरीकडे फ्लॅट आहेत त्यांनी सोसायटीला एक पत्र लिहावे: आपली यंत्रणा चालू आहे का? आम्ही लिहिले आहे आणि जास्तीचा मेंटेनन्स भरण्याची तयारीही कळवली आहे. उत्तर अजून यायचे आहे. आपणापैकी दहा-बारा घरांनी लिहिले तर ते लवकर येईल.

आपली मते मंडळाकडे अवश्य पाठवावीत.