रुमालाखालचा सौदा

शेतमालाच्या आणि गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची एक पद्धत पूर्वी रूढ होती. दलालाचा आणि व्यापाऱ्याचा हात कापडाखाली, बोटांच्या खुणा त्या दोघांनाच कळणार, आणि ज्याचा माल तो शेतकरी मात्र बाजूला तोंडाकडे पाहत उभा. ‘हत्ता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला नियंत्रित बाजारांनी बंदी घातली. महाराष्ट्रात 1963 च्या बाजार समिती कायद्याने ज्या बाजारांना पक्का पाया मिळाला, तेथे उघड लिलाव हाच नियम ठरला. भाव चारचौघांत पुकारला गेला पाहिजे, हे तत्त्व मान्य व्हायला बराच काळ आणि बरेच झगडे लागले. तोच रुमाल आता प्रवाशांच्या बाजारात अवतरला आहे. फरक एवढाच की, येथे कापडाखाली भाव नसून माल आहे.

हॉटेलच्या खोल्या इंटरनेटवरून आरक्षित करून देणारी काही संकेतस्थळे गिऱ्हाइकाला शहराचा अमुक भाग, अमुक तारांकित दर्जा, पूर्वीच्या प्रवाशांनी दिलेले सरासरी गुण आणि एका रात्रीचे भाडे एवढेच सांगतात. हॉटेलचे नाव सांगत नाहीत. पैसे भरले की नाव कळते, आणि कळल्यावर ते पसंत पडले नाही तरी पैसे परत मिळत नाहीत. या गुप्ततेच्या मोबदल्यात भाडे नेहमीपेक्षा कमी असते, कधीकधी पुष्कळच कमी. ही सवलत खोटी नसते, हे आधीच मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो ती कोण देतो, कशासाठी देतो आणि तिचा भार अखेर कोणावर पडतो, हा.

या व्यवहाराचे जन्मस्थान अमेरिका. जे वॉकर या उद्योजकाच्या ‘प्राइसलाइन’ कंपनीने 1998 मध्ये ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ असा पुकारा करीत प्रथम विमानाची तिकिटे आणि पाठोपाठ हॉटेलच्या खोल्या विकायला घेतल्या. गिऱ्हाइकाने तारीख, शहराचा भाग, हॉटेलचा दर्जा आणि आपल्याला परवडेल तो आकडा कळवायचा. क्रेडिट कार्डाचा क्रमांक मात्र आधीच द्यायचा. एखाद्या हॉटेलने तो आकडा स्वीकारला की कार्डावरून रक्कम तत्काळ वळती होई आणि मगच हॉटेलचे नाव उघड होई. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्याच वर्षी या पद्धतीला पेटंटही बहाल केले. भाव करण्यात कसली नवी शोधबुद्धी, असा प्रश्न गुरांच्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला पडेल. पण ते असो. पुढे 2000 मध्ये ‘हॉटवायर’ ही प्रतिस्पर्धी कंपनी आली. तिने भाव विक्रेत्याचा आणि नाव तेवढे झाकलेले, अशी उलट तऱ्हा चालू केली.

वॉकर यांनी हीच युक्ती किराणा सामान आणि पेट्रोल यांनाही लावून पाहिली. तो उद्योग वर्षभरातच, म्हणजे 2000 मध्ये, बंद पडला. खोलीत जे जमले ते पेट्रोलमध्ये का जमले नाही, याचे उत्तर या साऱ्या व्यवहाराची किल्ली आहे. आज न विकलेले पेट्रोल उद्या विकता येते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. उद्याची खोली ही वेगळी वस्तू. दिवेलागणीला पालेभाजीची जुडी निम्म्या भावात देणारी भाजीवाली हे अर्थशास्त्र कोणाकडून शिकलेली नसते. मात्र तिच्या पाटीवरची भाजी सगळ्यांना दिसते. हॉटेलवाल्याची अडचण अशी की त्याने भाव उघडपणे उतरवला, तर सकाळी पूर्ण दराने आलेला पाहुणाही उतरलेला भाव मागू लागतो आणि पुढच्या खेपेला तर तो त्याच भावाची वाट पाहत बसतो. यातून सुटण्याची वाट अमेरिकेतील विमान कंपन्यांनी दाखवली. 1978 मध्ये त्यांच्या भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर, विशेषतः अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मध्ये, एकाच विमानातील जागा वेगवेगळ्या अटींवर वेगवेगळ्या भावाने विकण्याचे शास्त्र बनवले. मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ते उचलले.

नाव झाकणे हे त्या शास्त्राचे टोक होय. ज्याला अमुकच हॉटेल हवे आहे, म्हणजे ज्याची सभा त्याच इमारतीत आहे किंवा ज्याचे बिल कचेरी भरणार आहे, तो रुमालाखाली हात घालणार नाही. तो पूर्ण दर देईल. ज्याला कोठेही चालते, तो नावाचा आग्रह सोडील आणि स्वस्तात जाईल. हॉटेलची पाटीही शाबूत राहते आणि खोलीही भरते. तेव्हा ‘गुप्त सवलत’ म्हणून जी मिरवली जाते, ती वास्तविक गिऱ्हाइकावरची कृपा नव्हे, गिऱ्हाइकांची चाळणी आहे.

अमेरिकेतील सामान्य प्रवाशांनीही या चाळणीला तोड काढली होती. प्राइसलाइनवर एकदा नाकारलेला भाव वाढवून पुन्हा बोलायचा तर दुसरा भाग किंवा दुसरा दर्जा जोडावा लागे, नाही तर दिवसभर थांबावे लागे. प्रवाशांनी शोधून काढले की ज्या भागात हव्या त्या दर्जाचे हॉटेलच नाही तो भाग जोडला, तर धोका न पत्करता पुन्हा बोली करता येते. कोणत्या हॉटेलने कोणत्या तारखेला किती आकडा स्वीकारला, हे ते एकमेकांना कळवू लागले. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून शेजाऱ्यांचे संघ करून किराणा माल एकत्र घेण्याची जी रीत घातली, तिच्या मुळाशी असलेला विचार याहून निराळा नाही. एकटा गिऱ्हाईक आंधळा असतो. दहा जणांनी माहिती एकत्र केली की त्यांना दिसू लागते. पण कंपनीने विमान तिकिटांसाठी बोलीची सोय 2016 मध्ये काढून घेतली आणि पुढे हॉटेलांसाठीही ती गुंडाळली. भाव सांगण्याचा अधिकार अशा रीतीने गिऱ्हाइकाकडून गेला. झाकलेले नाव तेवढे शिल्लक राहिले.

मग हा सौदा कोणी करावा? नोकरीच्या मुलाखतीसाठी परगावी एका रात्रीपुरता जाणारा विद्यार्थी, एकटा हिंडणारा तरुण, ज्यांचा बेत पक्का आहे आणि गरज माफक आहे असे जोडपे, यांनी तो खुशाल करावा. आईवडील आणि दोन मुले घेऊन निघालेल्या शिक्षकाने मात्र चार वेळा विचार करावा. अशा विक्रीत खोली सामान्यतः दोघांची धरलेली असते; पलंग एक की दोन याची हमी नसते; वृद्धांना उद्वाहन आहे की नाही हे नाव कळेपर्यंत नक्की ठरत नाही. मुलाला ताप आला आणि बेत रद्द झाला, तर सारी रक्कम बुडाली. शिवाय ही स्वस्ताई रिकाम्या खोल्यांतून जन्मते. मे महिन्यातील महाबळेश्वरात किंवा दिवाळीतील गोव्यात रिकाम्या खोल्या असतात कोठे? ज्यांच्या सुट्ट्या वेळापत्रकाने बांधलेल्या आहेत, त्या शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या वाट्याला नेमके तेच दिवस येतात, ज्या दिवशी हॉटेलवाल्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. रजा प्रवास सवलतीत गाडीभाडे मिळते, मुक्कामाचा खर्च पदरचाच असतो. याच्या उलट, कचेऱ्यांनी गजबजलेल्या शहरांतील हॉटेले शनिवार-रविवारी ओस पडतात आणि थंड हवेच्या ठिकाणची सोमवार ते गुरुवार. सवलत शोधायची ती या फटीत.

रुमाल थोडा उचलून पाहताही येतो. झाकलेल्या हॉटेलचा भाग, दर्जा, सरासरी गुण, गुण देणाऱ्यांची संख्या आणि पोहण्याचा तलाव, वाहनतळ, सकाळची न्याहारी अशा सोयींची यादी दिलेली असते. तीच यादी त्याच भागातील उघड नावांच्या हॉटेलांशी ताडून पाहिली तर बहुधा दोन-तीन नावांपर्यंत येऊन पोहोचता येते. त्या दोन-तिनांपैकी कोणतेही चालणार असेल तरच पैसे भरावेत. आणि भरण्यापूर्वी एक दूरध्वनी थेट हॉटेलला करावा. मध्यस्थ संकेतस्थळांचे कमिशन भाड्याच्या साधारण शेकडा 15 ते 25 च्या घरात असते. ते वाचत असेल तर व्यवस्थापक त्यातला काही वाटा पाहुण्याला द्यायला पुष्कळदा तयार असतो.

पण तो तसा तयार असला, तरी मोकळा असतो का? येथे रुमालाचा दुसरा पदर दिसतो. मेकमायट्रिप-गोआयबिबो या कंपनीला भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 223 कोटी 48 लाख रुपयांचा आणि ओयोला 168 कोटी 88 लाखांचा दंड ठोठावला, त्यामागील एक प्रमुख आक्षेप हाच होता की, हॉटेलांनी अन्यत्र, किंबहुना स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, कमी भाव देऊ नये अशी अट करारात घातली गेली होती. घरमालकाने आपल्याच ओट्यावर बसून आपल्याच खोलीचा भाव उतरवायचा नाही! युरोपातही या अटींवरून वर्षानुवर्षे खटले चालले. फ्रान्सने 2015 मध्ये कायद्याने त्या रद्द केल्या. आकाराने प्रचंड झालेला मध्यस्थ स्वतःच भाव गोठवू लागला, की ‘सर्वांत स्वस्त’ या त्याच्या घोषणेला काही अर्थ उरत नाही. सगळीकडे तोच भाव असेल, तर सर्वांत स्वस्त तोच आणि सर्वांत महागही तोच.

नाव उघड असलेल्या सौद्यातही सर्व काही उघड असते असे नाही. ‘ट्रिवागो’ या भावांची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळाने गिऱ्हाइकांची दिशाभूल केल्याचा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला. ठळक जागी दाखवलेला भाव सर्वांत कमी नसे. कोण किती पैसे मोजतो यावर ती जागा बव्हंशी ठरे. खाडाखोड करून दाखवलेला ‘पूर्वीचा भाव’ काही वेळा उंची खोलीचा असे आणि नवा भाव साध्या खोलीचा. एप्रिल 2022 मध्ये त्या कंपनीला 4 कोटी 47 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ब्रिटनमध्ये 2019 च्या फेब्रुवारीत बुकिंग डॉट कॉम, एक्स्पीडिया यांच्यासह सहा संकेतस्थळांना सरकारी नियंत्रकापुढे आपले वर्तन सुधारण्याची हमी द्यावी लागली. ‘एकच खोली शिल्लक’, ‘आता बाराजण हे पाहत आहेत’ अशा घायकुतीला आणणाऱ्या सूचना आणि शेवटच्या पायरीवर वाढणारी शुल्के हे त्यातले मुख्य मुद्दे होते.

आपल्याकडे नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी तेरा फसव्या विक्रीतंत्रांची यादी जाहीर केली. खोटी निकड निर्माण करणे आणि भावाचा एकेक हप्ता हळूहळू उघड करणे, या दोहोंचा तीत समावेश आहे. नियम आहेत, पण त्यांची धार दिसत नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर सर्व करांसह किंमत छापावी लागते, आणि पाच हजारांच्या खोलीची किंमत मात्र तीन पायऱ्या चढून गेल्यावर कळते, ही विसंगती कोणत्याही मंत्र्याला खटकू नये याचे आश्चर्य वाटते. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आला, त्यावरील खोल्यांवर तो 18 टक्के आहे. कराचे गणित इतके सोपे असताना तो पहिल्याच आकड्यात धरून का सांगू नये? अमेरिकेसारख्या व्यापाराला मोकळे रान देणाऱ्या देशानेही 12 मे 2025 पासून, सरकारी कर सोडून बाकी सारी सक्तीची शुल्के धरूनच हॉटेलचे भाडे सांगण्याचे बंधन घातले. शिर्डी आणि पंढरपूर येथील भक्तनिवासांना जे साधते, म्हणजे खोलीचा प्रकार आणि दर अगोदर जाहीर करणे, ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना अवघड असण्याचे कारण नाही.

नाव झाकून विकणे बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. ज्याला ते परवडते त्याने घ्यावे. पण झाकलेले नाव असो वा उघडे, भरायची पूर्ण रक्कम पहिल्याच पडद्यावर दिसली पाहिजे, यादीतील क्रम कमिशनवर ठरत असेल तर तसे तेथेच लिहिले पाहिजे, आणि हॉटेलला स्वतःच्या दारात स्वतःचा भाव सांगण्याची मोकळीक राहिली पाहिजे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना महागाई भत्त्याच्या फरकासाठी मोर्चे काढतात, ते योग्यच आहे; सुट्टीच्या चार दिवसांत तो फरक कोठे जातो, याचाही हिशेब त्यांनी मागायला हरकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर अशा तक्रारी नोंदवता येतात. मात्र त्यासाठी पहिल्या पडद्यावर दाखवलेला आकडा आणि शेवटी कापली गेलेली रक्कम, या दोहोंची छायाचित्रे जपून ठेवलेली असावी लागतात.